अमर्याद साठवणुकीच्या मर्यादा

खानावळीत 'अमर्याद थाळी' मांडणाऱ्या मालकाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : जेवणाऱ्याचे पोट अमर्याद नसते. एखादा पैलवान गडी वीस पोळ्या फस्त करून जातो, तर शेजारच्या टेबलावरील वृद्ध गृहस्थ दोन पोळ्यांतच ताट बाजूला सारतात. महिनाअखेरचा हिशेब जुळतो तो या दोघांच्या सरासरीवर. तरीही भिंतीवर पाटी असतेच : 'एका थाळीत दोघांनी जेवू नये', 'थाळीचे पार्सल मिळणार नाही'. थाळीची सारी अमर्यादता या दोन ओळींनी बांधलेली असते आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करीत नाही.

इंटरनेटवर संकेतस्थळासाठी 'मोफत आणि अमर्याद जागा' देऊ करणाऱ्या कंपन्यांचा हिशेब याहून फारसा निराळा नाही. फरक इतकाच, की खानावळीतील पाटी दाराशीच दिसते. इंटरनेटवरील पाटी सेवाशर्तींच्या दहाव्या-बाराव्या परिच्छेदात बारीक अक्षरांत असते, आणि ती न वाचताच 'मान्य आहे' या चौकोनावर खूण केली जाते. गावचे वाचनालय, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, गृहनिर्माण संस्था, इंदूर-बडोद्याकडील एखादे मराठी मंडळ, नुकताच व्यवसाय सुरू केलेला तरुण अशी मंडळी पैशाच्या अडचणीपोटी या मोफत जागेकडे वळतात. अनेक वर्षांची छायाचित्रे, स्मरणिका, इतिवृत्ते तेथे नेऊन ठेवतात. म्हणूनच 'अमर्याद' या शब्दाचा नेमका अर्थ काय, हे आधीच समजून घेणे त्यांच्या हिताचे असते.

मोजून दिलेली जागा

मोफत संकेतस्थळांची कल्पना रुजली तेव्हा हा शब्द कोणी वापरीत नव्हते. १९९४ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्नियात डेव्हिड बोनेट आणि जॉन रेझनर यांनी 'बेव्हर्ली हिल्स इंटरनेट' नावाची कंपनी सुरू केली. तीच पुढे 'जिओसिटीज' या नावाने जगप्रसिद्ध झाली. कल्पना मोठी रम्य होती. इंटरनेट हे एक शहर मानायचे, त्यात निरनिराळे मोहल्ले वसवायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला घरक्रमांकासह एक भूखंड मोफत द्यायचा. चित्रपटवेड्यांनी 'हॉलिवूड'मध्ये राहायचे, संगणकप्रेमींनी 'सिलिकॉन व्हॅली'त, आणि पैसा-गुंतवणुकीविषयी लिहिणाऱ्यांनी अर्थातच 'वॉलस्ट्रीट'वर !

हे भूखंड मात्र चिमुकले होते. प्रारंभी एक-दोन मेगाबाईट, पुढे पंधरा मेगाबाईट. आजच्या साध्या मोबाईलने काढलेली चार-पाच छायाचित्रे पंधरा मेगाबाईट सहज व्यापतात. तरीही त्या जागेत लोकांनी आपली कुटुंबे, छंद, कविता, पाळीव प्राणी आणि दिवंगत आप्तांची स्मृतिपृष्ठे मांडली. ऑगस्ट १९९८ मध्ये कंपनीचे समभाग बाजारात आले आणि जानेवारी १९९९ मध्ये 'याहू'ने ती सुमारे साडेतीन अब्ज डॉलर मूल्याच्या समभागांच्या बदल्यात विकत घेण्याचे जाहीर केले. ज्या रहिवाशांच्या पानांमुळे शहराला एवढी किंमत आली, त्यांना त्यातील काही मिळाले नाही. उलट, त्याच वर्षी जून महिन्यात नव्या सेवाशर्ती आल्या. पानांवरील मजकुराचे हक्कही कंपनीकडे जातात, असा अर्थ त्यांतून निघत होता. रहिवाशांनी बहिष्काराचे हत्यार उपसले आणि कंपनीला शर्ती बदलाव्या लागल्या.

जागेची मर्यादा स्पष्ट होती. तिच्याइतकी ठळक न दिसणारी दुसरी मर्यादा होती वाहतुकीची. मोफत पानावरून एका तासात ठरावीक माहितीच वाहून नेता येई. तेवढा कोटा संपला, की पान काही काळ बंद. एखाद्याचे पान लोकांना फार आवडू लागले, तर नेमके त्याच वेळी ते दिसेनासे होई. मोफत जागेचा हा स्वभाव पुढील काळातही बदललेला नाही.

'अमर्याद' शब्दाचा प्रवेश

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने 'जीमेल'ची घोषणा केली. हॉटमेल तेव्हा दोन मेगाबाईट आणि याहू चार मेगाबाईट जागा देत असताना गूगल एक गिगाबाईट, म्हणजे सुमारे हजार मेगाबाईट देऊ करीत होते. तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. पण डिस्कच्या किमती झपाट्याने उतरत होत्या आणि स्पर्धेला तोंड फुटले होते. याहूने २००७ मध्ये आपल्या ईमेलसाठी जागेची मर्यादाच काढून टाकली. मुंबईच्या 'रेडिफमेल'नेही अमर्याद साठवणुकीची ग्वाही दिली. ईमेलमध्ये रुळलेला हा शब्द संकेतस्थळांना जागा देणाऱ्या कंपन्यांनी, म्हणजे वेब होस्टिंगच्या व्यवसायाने, लगोलग उचलला.

त्यानंतर काय झाले ते पाहण्यासारखे आहे. याहूच्या अमर्याद जागेवर २०१३ मध्ये एक टेराबाईटची मर्यादा आली आणि २०२५ मध्ये ती थेट २० गिगाबाईटवर उतरली. 'गूगल फोटोज'ने मे २०१५ मध्ये किंचित संकुचित केलेल्या छायाचित्रांसाठी अमर्याद मोफत जागा देऊ केली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये कंपनीने सांगितले, की सेवेत चार लाख कोटींहून अधिक छायाचित्रे साठली असून दर आठवड्याला २,८०० कोटी नव्या छायाचित्रांची व चित्रफितींची भर पडत आहे. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली आणि नवी छायाचित्रे १५ गिगाबाईटच्या सामाईक कोट्यात मोजली जाऊ लागली. शिक्षणसंस्थांना गूगलने दिलेली अमर्याद जागाही २०२२ पासून प्रत्येक संस्थेमागे १०० टेराबाईट अशी आखली गेली.

या सर्व माघारींत मायक्रोसॉफ्टची कबुली सर्वांत बोलकी होती. 'ऑफिस ३६५'च्या वर्गणीदारांना 'वनड्राइव्ह'वर अमर्याद जागा देण्याची घोषणा ऑक्टोबर २०१४ मध्ये झाली आणि अवघ्या वर्षभरात, नोव्हेंबर २०१५ मध्ये, ती मागे घेतली गेली. काही वर्गणीदारांनी आपले अनेक संगणक, चित्रपटांचे संपूर्ण संग्रह आणि ध्वनिचित्रमुद्रणे तेथे नेऊन ठेवली होती. अशा काहींचा साठा ७५ टेराबाईटच्या पुढे, म्हणजे सरासरीच्या १४,००० पट गेला होता. या दोन आकड्यांचा भागाकार केला, तर सामान्य वर्गणीदाराचा साठा जेमतेम साडेपाच गिगाबाईट भरतो. 'अमर्याद' या शब्दाची किंमत कंपनीने साडेपाच गिगाबाईट धरली होती. पैलवान जेवायला आला आणि त्याने थाळीचे पार्सलही मागितले, तेव्हा भिंतीवर पाटी लागली.

नोंदवही भरते तेव्हा

ही झाली मोठ्या कंपन्यांची गोष्ट. छोट्या मोफत होस्टिंग सेवांपाशी एवढ्या डिस्कही नसतात. तरी त्या 'अमर्याद'चे वचन वर्षानुवर्षे निभावू शकतात, याचे कारण त्यांनी जागा मोजण्याऐवजी दुसऱ्याच गोष्टी मोजण्याची सोय करून ठेवलेली असते.

त्यांतील पहिली गोष्ट फाईलींची संख्या. युनिक्स पद्धतीच्या सर्व्हरवर प्रत्येक फाईलमागे 'आयनोड' नावाची एक नोंद असते. फाईल कोणाची, किती मोठी, डिस्कवर नेमकी कोठे आहे, हे त्या नोंदीत लिहिलेले असते. ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीसारखाच हा प्रकार. पुस्तक सोळा पानांचे असो वा सोळाशे पानांचे, वहीत ओळ एकच लागते. आणि वहीच्या ओळी संपल्या, की कपाटे रिकामी असूनही नवे पुस्तक दाखल करता येत नाही.

समजा, एखाद्या वाचनालयाने अशा मोफत सेवेवर संकेतस्थळ उभारले. जागा अमर्याद, मात्र फाईलींची मर्यादा ३० हजार आणि एका फाईलचा आकार जास्तीत जास्त १० मेगाबाईट. या क्षेत्रात अशा अटी नेहमीच्याच आहेत. संकेतस्थळासाठी 'वर्डप्रेस' ही लोकप्रिय प्रणाली घेतली, तर तिच्या स्वतःच्याच सुमारे तीन हजार फाईली असतात. सजावट आणि जोडसुविधांच्या आणखी पाच हजार धरू. आता छायाचित्रे. वर्डप्रेसवर एक छायाचित्र चढवले, की मोबाईल, संगणक, लघुचित्र अशा निरनिराळ्या पडद्यांसाठी त्याच्या लहान-मोठ्या प्रती आपोआप तयार होतात. मूळ चित्रासह सात फाईली झाल्या असे धरल्यास तीन हजार छायाचित्रांच्या २१ हजार फाईली होतात. एकूण बेरीज २९ हजार ! शतकोत्तर वाचनालयाच्या संग्रहात तीन हजार छायाचित्रे म्हणजे काही विशेष नव्हे. मूळ चित्र आणि त्याच्या प्रती मिळून दीड मेगाबाईट धरले, तर या सर्वांनी व्यापलेली जागा साडेचार गिगाबाईट. अमर्याद जागा साडेचार गिगाबाईटवर संपली. आणि जुन्या हस्तलिखित मासिकाचा अंक एकत्र स्कॅन केलेला असेल, तर ती फाईल १० मेगाबाईटच्या अटीमुळे मुळात आत शिरणारच नाही.

दुसरी मोजणी वर्दळीची. वाचक एक पान उघडतो तेव्हा सर्व्हरकडे एकच मागणी जाते असे नाही. पानावरील प्रत्येक चित्र, प्रत्येक सजावटीची फाईल यांची मागणी स्वतंत्र नोंदली जाते. दिवसाला ५० हजार मागण्यांची मुभा ऐकायला भरघोस वाटते, पण एका पानामागे ५० मागण्या होत असतील, तर ती हजार वेळा पान उघडल्यावर संपते. शाळेच्या अमृतमहोत्सवाची कार्यक्रमपत्रिका ज्या दिवशी सर्वांना पाहायची असते, त्याच सकाळी पडद्यावर 'मर्यादा ओलांडली आहे' अशी सूचना झळकते. इतर तीनशे चौसष्ट दिवस कोणी फिरकत नाही, तेव्हा सेवा विनातक्रार चालते.

तिसरी मोजणी संगणकाच्या श्रमांची, म्हणजे प्रोसेसर आणि स्मृती यांच्या वापराची. खरा खर्च येथेच आहे. पडून असलेल्या फाईलीला जागेखेरीज फारसे काही लागत नाही. ती दर वेळी शोधणे, वाचणे, पाठवणे, तिची राखीव प्रत ठेवणे आणि बिघडलेली डिस्क बदलणे यांना वीज व माणसे लागतात. मोफत सेवेत राखीव प्रतीची जबाबदारी बहुधा ग्राहकावरच टाकलेली असते. आणि 'ही जागा केवळ संकेतस्थळासाठी असून फाईलींचे कोठार म्हणून वापरू नये' अशी अटही असते. म्हणजे पुन्हा पार्सलची पाटी !

काटकसर कधी कधी फार महागात पडते. '००० वेबहोस्ट' ही एक नावाजलेली मोफत सेवा होती. २०१५ मध्ये तिच्या सुमारे १ कोटी ३० लाख खातेदारांची माहिती चोरीला गेल्याचे उघड झाले. त्यातील पासवर्ड कोणतेही कूट रूप न देता, जसेच्या तसे साठवलेले होते. एकच पासवर्ड ईमेलला, संकेतस्थळाला आणि बँकेलाही वापरणाऱ्यांसाठी ही बातमी मोठ्या धोक्याची होती. ती सेवा २०२४ मध्ये बंद करण्यात आली.

मोफत जागेचा गैरवापर करणाऱ्यांत बँकांची हुबेहूब नकली पाने मांडून ग्राहकांचे पासवर्ड लांबवणारे भामटे नेहमीच आघाडीवर राहिले आहेत. त्यांना ना नाव द्यावे लागते, ना पैसे. म्हणून अशा सेवा स्वयंचलित तपासणी ठेवतात आणि संशय येताच खाते गोठवतात. त्या जाळ्यात कधी कधी पतसंस्थेचे किंवा बचत गटाचे निष्पाप पानही सापडते, आणि दाद मागायला दूरध्वनी क्रमांक नसतो. भारतातील बँकांपुरता यावर एक उपाय झाला आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळे '.बँक.इन' या राखीव पत्त्यावर (इंग्रजी अक्षरांत) नेण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा पत्ता बँकेखेरीज अन्य कोणालाही मिळत नाही.

सरासरीचा व्यवहार

बँकेच्या कर्मचाऱ्यांना हे सारे वाचताना काहीसे ओळखीचे वाटेल. सर्व ठेवीदार एकाच दिवशी सगळी रक्कम मागायला येत नाहीत, या अनुभवावर तर बँकव्यवसाय उभा आहे. ठेवींपैकी काही भाग हाताशी ठेवून उरलेला कर्जाऊ देता येतो, तो याच सरासरीच्या बळावर. त्यामुळे सरासरीवर वचन देणे यात स्वतःहून काही गैर नाही. प्रश्न असा, की सरासरी चुकली तर ग्राहकाच्या पाठीशी काय उभे असते ?

बँकेच्या बाबतीत उत्तरे लेखी आहेत. रोख राखीव निधी किती ठेवायचा, हे रिझर्व्ह बँक ठरवते. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत आहे. लॉकरच्या बाबतीतही, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व वार्षिक भाड्याच्या शंभर पट इतके ठरलेले आहे. ही मर्यादाच आहे, पण आकड्यात सांगितलेली. मोफत होस्टिंगच्या करारात सेवा 'जशी आहे तशी' दिलेली असते. भाडे शून्य आणि त्याची शंभर पट म्हणजेही शून्यच.

हा फरक सर्वांत ठळक दिसतो तो दीर्घकाळ न फिरकणाऱ्या खातेदाराच्या बाबतीत. बँकेतील खात्यावर दहा वर्षे व्यवहार झाला नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या 'ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधी'कडे वर्ग होते. परंतु खातेदाराचा किंवा त्याच्या वारसांचा हक्क बुडत नाही. ओळख पटवून ती रक्कम त्यानंतरही मागता येते, आणि अनेक बँकांतील अशा ठेवी एकाच ठिकाणी शोधता याव्यात म्हणून ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' हे संकेतस्थळ उपलब्ध झाले आहे. मोफत होस्टिंगवर काही आठवडे किंवा महिने हालचाल नसली, तर फाईली पुसल्या जातात. गूगलच्या वैयक्तिक खात्यांनाही दोन वर्षांच्या निष्क्रियतेनंतर खाते व त्यातील मजकूर काढून टाकण्याचा नियम लागू आहे, आणि अशी खाती पुसण्याचे काम डिसेंबर २०२३ पासून सुरू झाले. मंडळाचे संकेतस्थळ सांभाळणारे उत्साही चिटणीस आजारी पडले किंवा परगावी बदलून गेले, आणि पासवर्ड केवळ त्यांच्याच लक्षात होता, तर पंचवीस वर्षांच्या स्मरणिका कोणालाही न कळता नाहीशा होऊ शकतात. तेथे वारसदाराची नोंद नसते. पूर्वसूचनेचे पत्र येते ते चिटणीसांच्याच जुन्या ईमेलवर.

मोफत जागा मुळीच वापरू नये, असे यातून निघत नाही. चार पानांच्या माहितीपत्रकाला ती पुरेशी असते, आणि नवशिक्याला हात बसवायला तर उत्तमच. संग्रहाची मूळ प्रत मात्र संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर, शक्यतो दोन निरनिराळ्या ठिकाणी असावी. इंटरनेटवर ठेवायची ती तिची नक्कल. पत्ता स्वतःच्या नावाने नोंदवलेला असेल, तर जागा देणारी कंपनी बदलली तरी वाचकांना पत्ता तोच राहतो. ऑगस्ट २०१४ पासून '.भारत' या शेवटाने देवनागरी पत्तेही मिळू लागले आहेत. त्यासाठी वर्षाला काही शे रुपये पडतात. पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवलेली असावी, बँक खात्यावर सह्या कोणाच्या याची नोंद असते तशी.

एका शहराचे सामान

एप्रिल २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद करण्याचे जाहीर केले आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी ते शहर इंटरनेटवरून पुसले गेले. केवळ जपानमध्ये, तेथील याहू ही वेगळी कंपनी असल्याने, ते ३१ मार्च २०१९ पर्यंत तग धरून होते. रहिवाशांना सामान हलवायला सहा महिने मिळाले होते. पण अनेकांचा ईमेल पत्ता केव्हाच बदललेला होता, काही जण हयातही नव्हते.

त्या सहा महिन्यांत जेसन स्कॉट यांच्या पुढाकाराने 'आर्काइव्ह टीम' हा स्वयंसेवकांचा गट, आणि त्याखेरीज 'इंटरनेट आर्काइव्ह'सारख्या संस्था, हाती लागतील तेवढी पाने उतरवून घेत होत्या. २०१० मध्ये आर्काइव्ह टीमने आपला संग्रह सर्वांसाठी खुला केला. संकुचित स्वरूपात तो सुमारे ६४० गिगाबाईट भरला. कोट्यवधी पानांच्या त्या शहरातील जेवढे वाचले, तेवढे सारे आता खिशात मावणाऱ्या एक टेराबाईटच्या डिस्कवर राहते आणि वर जागाही उरते. शहर बंद झाले ते जागा संपली म्हणून नव्हे. ते चालवणे कंपनीला परवडेनासे आणि नकोसे झाले होते. वाचलेल्या पानांतून स्कॉट यांनी एक वेगळाच संग्रह वेचून काढला आहे. फावडे घेतलेला मजूर, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा अडसर अशी चिमुकली हलती चित्रे, आणि त्यांखाली त्या रहिवाशांनी लिहून ठेवलेली सूचना : पानाचे काम चालू आहे, पुन्हा भेट द्या.